नदीएवढा देश

चंद्रशेखर दातारांचा पार्किन्सन चांगलाच बळावला, तरी घरात परकं माणूस ठेवायचं नाही, हा त्यांच्या बायकोचा हट्ट होता. सुवर्णाबाई स्वतः डॉक्टर. डेट्रॉइटजवळच्या एका हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट म्हणून त्यांनी उभी हयात काढली होती. नवऱ्याचं पथ्यपाणी, गोळ्या, आंघोळ हे सगळं आपल्याच्यानं होईल, अशी त्यांना घमेंड होती म्हणा ना. मग एका सकाळी चंद्रशेखर बाथरूममध्ये घसरले आणि त्यांना उठवता उठवता सुवर्णाबाईही पडल्या. रेडमंडहून मुलगी अनया फोन करत राहिली, तो कुणी उचलेना. शेवटी तिनं शेजारच्यांना धाडलं, तेव्हा दोघं म्हातारी फरशीवर एकमेकांना टेकून बसलेली सापडली. हट्ट तिथेच संपला. पुढच्याच आठवड्यात एजन्सीनं केब्बाला पाठवलं.

केब्बा उंचापुरा होता, चाळिशी ओलांडलेला, कानशिलांवर पांढरे केस आलेला. डेट्रॉइटच्या ट्रॉय या उपनगरातल्या त्या घराच्या दारात त्यानं न सांगता बूट काढले, आणि सुवर्णाबाईंच्या मनातला निम्मा विरोध त्या बुटांबरोबर दाराबाहेरच राहिला. तो मऊ आवाजात, सावकाश इंग्रजी बोले. भेटायला येणारी मंडळी यजमानांना काका-काकू म्हणतात हे ऐकून तोही दोन दिवसांत काका-काकू म्हणायला लागला. त्याच्या तोंडी ते शब्द जरा आखूड व्हायचे, पण गोड वाटायचे.

त्याचं माणूस उचलणं मात्र बघत राहावं असं होतं. हॉस्पिटलात सुवर्णाबाईंनी कितीतरी पेशंट इकडून तिकडे हलवताना पाहिले होते. ओढाताण, कण्हणं, 'वन टू थ्री' हे ठरलेलंच. केब्बा एक हात मानेखाली घाली, एक गुडघ्यांखाली, क्षणभर थांबे, आणि लाकडासारखं आखडलेलं ते शरीर अल्लद वर येई. झटका नाही की धक्का नाही.

"कुठे शिकलास रे हे?" त्यांनी एकदा विचारलं.

"फौजेत, काकू. फौजेत सगळं शिकवतात."

सुवर्णाबाईंच्या डोळ्यांपुढे स्ट्रेचर आलं, रणांगण आलं, जखमी सैनिक आले. त्यांनी मान डोलावली.

चंद्रशेखर मोटारींच्या कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. त्यांना नकाशांचा भारी नाद. दिवाणखान्यात टीव्हीच्या जागी जगाचा मोठा नकाशा लावलेला, आणि टीपॉयवर मांडीत मावणार नाही एवढा अ‍ॅटलास. बोलणं पुटपुटण्यावर आलेलं, भेटायला येणाऱ्यांनी 'काय काका, बरं आहे ना?' याच्यापुढे जाणं सोडून दिलेलं. केब्बाला मात्र ते पुटपुटणं कळायचं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी अ‍ॅटलास पुढे ओढून त्याला विचारलं, "तुझा देश दाखव."

केब्बानं पश्चिम आफ्रिकेचं पान काढलं. अटलांटिकच्या काठावर सेनेगल, आणि सेनेगलच्या पोटात शिरलेली एक बारीकशी पट्टी. गांबिया. चंद्रशेखरांनी आपलं थरथरतं बोट तिथे टेकवलं आणि अख्खा देश बोटाखाली झाकला गेला. केब्बा खदखदून हसला. त्याला तसं हसताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

"आमचा देश म्हणजे नुसती नदी, काका. नदी आणि तिचे दोन काठ. बाकी तिन्ही बाजूंनी सेनेगल. लोक म्हणतात, इंग्रज बोटीतून तोफा डागत नदीनं वर गेले, आणि गोळा जिथे पडेल तिथपर्यंतची जमीन त्यांची. खरंखोटं देव जाणे. पण गावातून सायकलवर निघालं की जेवणाच्या वेळेला माणूस परदेशात!"

"मग... फ्रेंच?" चंद्रशेखरांनी विचारलं.

"पलीकडे फ्रेंच, अलीकडे इंग्रजी. घराघरांत भाषा मात्र तीच. माझी मावशी पलीकडची. तिच्या लग्नाला आम्हाला सरहद्द लागली, पण वऱ्हाडाला ती दिसली नाही."

त्यानंतर रोज दुपारचं जेवण भरवताना केब्बा देशाचं काहीतरी सांगे. नवरा ऐकता ऐकता नीट जेवतो, हे सुवर्णाबाईंच्या ध्यानात आलं आणि त्याही जवळच भाजी निवडत बसू लागल्या. केब्बा मांडिंका होता, देशात सगळ्यात जास्त तेच. फुला लोक गुरं राखणारे. वोलोफ शहरातले, व्यापारात मुरलेले. समुद्राकडच्या दक्षिणेला जोला, आणि पार पूर्वेला सेराहुले, जे पैसा कमवायला जगभर जातात आणि गावात टोलेजंग घरं बांधतात. यांच्यात भांडणं होत नाहीत का, असं सुवर्णाबाईंनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, काही आडनावांचं काही आडनावांशी थट्टेचं नातं असतं. भर बाजारात अनोळखी माणसाला 'काय रे माझ्या गुलामा, जेवलास का' म्हणायचं, आणि त्यानं रागवायचं नाही. उलट त्यानं आपल्याला खादाड म्हणायचं. थट्टा करायची परवानगी असली की भांडण पेटत नाही.

"आमच्याकडे मेहुण्याची करतात तशी," सुवर्णाबाई म्हणाल्या.

"पण अख्ख्या देशाला मेहुणे, काकू!"

त्याचं गाव नदीच्या खालच्या अंगाला होतं. तिथे नदीत समुद्राचं पाणी चढतं. पुरुष भुईमूग लावतात, भात बायकांचं. त्याच्या आईचं भाताचं खाचर खारफुटीला लागून होतं. पाऊस कमी होत गेला तसं खारं पाणी दरवर्षी थोडं थोडं आत येत राहिलं. एका वर्षी रोपं पिवळी पडली, पुढच्या वर्षी आईनं पेरलंच नाही. अठराव्या वर्षी केब्बा फौजेत गेला. तिथे जेवण मिळायचं आणि पायांत बूट मिळायचे.

चंद्रशेखरांना राज्यकारभाराचंही कुतूहल. गावाचा मुखिया म्हणजे अल्कालो, केब्बा सांगे, जमिनीचे तंटे तो मिटवतो. त्याच्यावर तालुक्याचा सेयफो, त्याच्यावर गव्हर्नर, त्याच्यावर राष्ट्राध्यक्ष.

"त्याच्यावर?" चंद्रशेखरांनी विचारलं.

"त्याच्यावर कुणी नव्हतं, काका," केब्बा म्हणाला आणि त्यानं पुढचा घास कालवला.

एक तरुण लेफ्टनंट बंड करून गादीवर बसला आणि बावीस वर्षं उठला नाही. एड्सवर जडीबुटीचं औषध सापडल्याचं त्यानं टीव्हीवरून जाहीर केलं आणि तो स्वतःच्या हातानं रोग्यांना लेप लावायचा. हे ऐकून सुवर्णाबाईंना हसू आवरेना. "अरे, आणि लोक ऐकून घ्यायचे?" त्या म्हणाल्या. केब्बा हसला नाही. वाटीच्या कडेला चमचा पुसत तो म्हणाला, "हसायचं कुणी नाही."

तिथे मतदान गोट्यांनी होतं, हेही त्यानंच सांगितलं. प्रत्येक उमेदवाराचा रंगवलेला पत्र्याचा ड्रम, वर एक नळी. मतदाराला एक गोटी देतात. ती नळीत सोडली की आत घंटी वाजते. दोनदा वाजली तर बाहेरच्यांना कळतं की कुणीतरी लबाडी केली. अशाच गोट्यांनी लोकांनी त्या राष्ट्राध्यक्षाला हरवलं. आधी तो 'बरं' म्हणाला, मग 'जात नाही' म्हणाला, आणि शेजारच्या देशांच्या फौजा सरहद्दीवर आल्या तेव्हा विमानात बसून गेला.

"तू नाचला असशील तेव्हा," सुवर्णाबाई म्हणाल्या.

"मी तेव्हा इथे आलो होतो, काकू." तेवढं बोलून त्यानं चंद्रशेखरांच्या हनुवटीवरचा वरणाचा ओघळ टिपला.

असं वर्ष-दीड वर्ष गेलं. सुवर्णाबाईंची पाठ सरळ झाली, त्या परत लायब्ररीत जाऊ लागल्या. अनया फोनवर म्हणायची, "आई, तू चक्क हसतेयस. केब्बाला रेझ द्या."

ऑक्टोबरात, झाडं लाल झालेली असताना, एका सकाळी त्याची जुनी गाडी ड्राइव्हवेत शिरली आणि तिच्या पाठोपाठ दोन काळ्या गाड्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सुवर्णाबाईंना आधी पाठीवर अक्षरं लिहिलेली जाकिटं दिसली, मग केब्बाचे वर केलेले हात. त्या तशाच चपला न घालता बाहेर धावल्या. इमिग्रेशनचा काहीतरी घोळ असणार, आजकाल कुणालाही उचलतात, असं त्यांना वाटलं. "थांबा, तो माझ्याकडे काम करतो, त्याचे पेपर्स व्यवस्थित आहेत," त्या ओरडल्या. एका बाईनं त्यांना हात आडवा करून थांबवलं. केब्बा गाडीवर ओणवा होता, हात मागे बांधलेले. त्यानं मान वळवली.

"काकू, काकांची आठची गोळी अजून द्यायचीय," तो म्हणाला. तेवढंच.

इमिग्रेशनचा घोळ नव्हता. दुपारपर्यंत बातमी आली आणि संध्याकाळी अनयानं ती फोनवर वाचून दाखवली. राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीतलं एक पथक होतं. कागदोपत्री नसलेलं. केब्बा त्यात होता. कैद्यांना मारणं, जाळणं, विजेच्या तारा. दुसऱ्या देशात केलेल्या छळासाठीही अमेरिकेच्या कोर्टात खटला चालू शकतो, तसा तो आता डेट्रॉइटमध्ये चालणार होता.

"दुसरा कुणीतरी असेल," सुवर्णाबाई म्हणाल्या. "एकाच नावाचे छप्पन्न असतात तिकडे."

"आई, फोटो आहे. युनिफॉर्ममधला. इट्स हिम. बाबांना तो रोज आंघोळ घालायचा. ओ गॉड. प्लीज, तू यात पडू नकोस."

चंद्रशेखरांना सांगितलं, केब्बा गावाला गेलाय. ते दर जेवणाला दाराकडे बघत आणि विचारत, "आला?" एजन्सीनं पाठवलेल्या नव्या बाईच्या हातून दोन घास खाऊन तोंड मिटत. ते वाळत चालले. आणि सुवर्णाबाईंचं मन घट्ट होत गेलं. त्या विचार करायच्या, डोळ्यांनी पाहिलं ते खरं मानायचं की फोनवर ऐकलं ते? केब्बाच्या बचावासाठी कोर्टानं नेमलेली वकील, मिस हॉफमन नावाची तरुण मुलगी, घरी आली आणि म्हणाली, शिक्षेची वेळ आली तर तुमच्यासारख्या डॉक्टरबाईनं त्याच्याबद्दल दोन शब्द बोलले तर फरक पडेल. सुवर्णाबाईंनी लगेच हो म्हटलं. अनयानं ते ऐकून फोन ठेवून दिला.

थंडी पडल्यावर एका शनिवारी दुपारी हवा जालो नावाची कुणी भेटायला आली. येण्याआधी तिनं फोन केला होता, मी गांबियाची, दहा मिनिटं द्या म्हणून. पन्नाशीतली, डोक्याला निळा रुमाल बांधलेली बाई. साउथफील्डला औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट होती. बसल्यावर तिनं कोट काढला नाही.

"तुम्ही त्याच्या बाजूनं बोलणार आहात असं कळलं," ती म्हणाली. "मी तुम्हाला अडवायला आलेली नाही. त्यानं तुमच्या नवऱ्याची सेवा केली. ते खरंच असेल."

"खरं आहे," सुवर्णाबाई म्हणाल्या.

"माझा भाऊ आल्फा. प्राथमिक शाळेत मास्तर होता. आमच्याकडे दुपारी चौकात बसून चहा करतात, एकाच किटलीतला तीन-तीनदा उकळून. तिथे तो बोलला, ड्रम कितीही रंगवा, गोटी एकाच ड्रमात जाऊन पडते. मित्र हसले. दुसऱ्या दिवशी शाळेतून त्याला नेलं. त्याला ज्या खोलीत कोंडलं तिथून जिवंत सुटलेला एक माणूस आहे. तो कोर्टात येणार आहे. त्यानं शेवटचं पाहिलं ते एवढंच, की केब्बानं आल्फाला दोन हातांवर उचललं आणि गाडीत नेऊन ठेवलं. अगदी हळू, म्हणतो तो. तेव्हा आल्फा जिवंत होता की नाही, ते त्याला सांगता येत नाही."

सुवर्णाबाईंनी हातातला कप बशीत ठेवला. मानेखाली एक हात, गुडघ्यांखाली एक. क्षणभर थांबायचं. आतल्या खोलीत त्यांचा नवरा झोपला होता, आणि दीड वर्ष त्या हातांचं त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांपाशी कौतुक केलं होतं.

"मला काय हवंय ते सांगते," हवा म्हणाली. "शिक्षा कोर्ट देईल, कमी देईल की जास्त, ते कोर्टाचं. मला आल्फा कुठे आहे ते हवंय. त्यानं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्याशी तो बोलणार नाही. तुमच्याशी बोलेल."

"तुम्हाला कशावरून वाटतं?"

"अटक होताना त्यानं गोळीची आठवण केली, असं पेपरात आलं होतं," हवा म्हणाली. "तुमच्या घरची त्याला लाज आहे."

ती गेल्यावर सुवर्णाबाईंनी कप विसळायला घेतले. नोकरीच्या काळात त्यांच्या खोलीच्या दाराशी मेलेल्यांचे नातेवाईक येत. डॉक्टर, नक्की कशानं? दुखलं का? अमुक केलं असतं तर? उत्तर कितीही वाईट असलं तरी ते घेऊन माणसं घरी जात, त्यांना जेवण जाई. ज्यांना उत्तर मिळत नसे ती पुन्हा पुन्हा येत, वर्षानंतरही येत. सुवर्णाबाईंना ते चेहरे चांगले ठाऊक होते. हवाचा चेहरा त्यातलाच होता.

मिस हॉफमनला न विचारता त्या तुरुंगात गेल्या. भेट म्हणजे भेट नव्हती. एका लांबट खोलीत टेलिफोन बूथसारखे कप्पे, प्रत्येकात पडदा आणि रिसीव्हर. हे संभाषण रेकॉर्ड होत आहे, असं यंत्रानं आधीच बजावलं. मग पडद्यावर केब्बा आला. नारिंगी कपड्यांत तो बारीक दिसत होता. त्यांना पाहून त्यानं डावा हात छातीवर ठेवला.

"काका जेवतात का?"

"नाही."

"भात गरम असताना कालवायला सांगा. गार झाला की त्यांना गिळता येत नाही. आणि मान जरा पुढे..."

"केब्बा," सुवर्णाबाई म्हणाल्या, "हवा जालो माझ्याकडे आली होती."

त्याचा चेहरा जिथल्या तिथे थांबला.

"तिचा भाऊ कुठे आहे?"

शेजारच्या कप्प्यात कुणीतरी बाई आपल्या मुलाला लाडानं काहीतरी विचारत होती, ते ऐकू येत होतं.

"हे रेकॉर्ड होतंय, काकू. ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"मिस हॉफमनला सांगून आलात?"

"नाही."

त्याला रिसीव्हर ठेवून जाता आलं असतं. सुवर्णाबाईंना तो ठेवेल असंच वाटलं, आणि खरं सांगायचं तर ठेवला असता तर त्या सुटल्या असत्या. पण तो बोलू लागला, त्याच सावकाश आवाजात, दुपारच्या जेवणाला काकांना सांगायचा तसा.

"आमचा देश अरुंद आहे, हे मी काकांना हसण्यावारी सांगत होतो. अरुंद देशात माणूस लपवायला जागा नसते. कुठेही खणा, कुणाचं तरी शेत, कुणाची तरी गुरं. म्हणून गाडी दक्षिणेला न्यायची. सरहद्द ओलांडली की कासामान्स. तो सेनेगलचा भाग, पण तिथे बंडाळी चाललेली, गावंच्या गावं पळून गेलेली. मोठ्या रस्त्यावरून डावीकडे काजूची झाडं लागतात. त्यांच्या मागे एक ओसाड गाव. मशिदीची एक भिंत उभी आहे. तिच्या पलीकडे विहीर."

"त्या विहिरीत?"

"आल्फा जालो त्यात एकटा नाही."

सुवर्णाबाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "तेव्हा तो जिवंत होता?"

"तुम्ही डॉक्टर आहात, काकू. हे मला विचारू नका."

म्हणजे त्यांना कळायचं ते कळलं.

"का केलंस रे?" त्यांच्या तोंडून निघून गेलं. तो सगळ्यांत निरुपयोगी प्रश्न होता आणि तो विचारल्याशिवाय त्यांना राहवलं नाही.

"सगळे विचारतात, हुकूम होता का, भीती होती का. होती. पहिल्यांदा मी ओकलो. दुसऱ्यांदा जेवलो नाही." त्यानं मान खाली घातली. "मग सवय झाली. दुसरं काही सांगितलं तर ते खोटं होईल."

वेळ संपल्याचं सांगून पडदा काळा झाला.

मिस हॉफमन त्याच आठवड्यात फोनवर संतापानं अक्षरशः ओरडली. रेकॉर्डिंग सरकारी पक्षाच्या हाती गेलं होतं. "तुम्ही काय केलंत तुम्हाला कळतंय का? तो तुमच्यावर विश्वास ठेवून बोलला!" सुवर्णाबाईंना कळत होतं. केब्बानं गुन्हा कबूल केला. उरलेलं आयुष्य आतच जाईल इतकी शिक्षा झाली. त्या दिवशी सुवर्णाबाई कोर्टात मागच्या बाकावर बसल्या होत्या. आता त्यांना बोलायला कुणी बोलावलं नाही. हवा उठून बोलली, ती भावाच्या हस्ताक्षराबद्दल बोलली, गावातल्या निम्म्या पोरांची अक्षरं त्याच्या वळणाची आहेत म्हणाली. केब्बा टेबलाकडे बघत होता. त्याला घेऊन जाताना त्यानं मागे वळून पाहिलं नाही. सुवर्णाबाईंना त्यानं बघावं असंही वाटत होतं आणि बघू नये असंही.

घरी चंद्रशेखरांचा 'आला?' चालूच होता. एके दिवशी सुवर्णाबाईंना ते खोटं पेलवेना. नव्या बाईला बाहेर पाठवून त्या नवऱ्याशेजारी बसल्या आणि सगळं सांगितलं. विहिरीपर्यंत सगळं. पार्किन्सननं चंद्रशेखरांचा चेहरा केव्हाच लाकडासारखा झाला होता. पन्नास वर्षं वाचलेला तो चेहरा आता त्यांना वाचता येत नव्हता. मग त्यांचे ओठ हलले.

"त्याच हातांनी?"

"हो," सुवर्णाबाई म्हणाल्या.

ते पुन्हा 'आला?' म्हणाले नाहीत. पण त्या दिवसापासून कुणीही उचलायला गेलं, नवी बाई असो की सुवर्णाबाई स्वतः, की त्यांचं अंग ताठ होई आणि घशातून बारीक आवाज निघे. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं का? ज्याला उत्तर हवं असतं त्याला ते द्यावं, हा सुवर्णाबाईंचा जन्मभराचा धर्म. पण चंद्रशेखरांनी कुठे उत्तर मागितलं होतं? त्यांना केब्बा हवा होता.

मार्चमध्ये न्यूमोनियाचं निमित्त होऊन ते गेले. अनया आली, पंधरा दिवस राहिली. मायलेकी एकमेकींशी जपून बोलल्या. बाबांना शेवटी शेवटी तरी शांत ठेवायचं होतंस, असं अनया एकदाच म्हणाली, आणि मग तीच रडली.

अनया परत गेल्यावर हवा भेटायला आली. भाताचा डबा घेऊन आली होती. या वेळी तिनं कोट काढला. कोपऱ्यातल्या टेबलावर पितळी कलशात अस्थी होत्या. ह्युरॉन सरोवरावरचा बर्फ वितळला की त्या विसर्जित करायला अनया पुन्हा येणार होती.

"हे तेच?" हवानं विचारलं.

"हो."

हवा उठून त्या टेबलापाशी गेली. कलशाला हात न लावता ती म्हणाली, "तुमच्यापाशी एवढं तरी आहे." ती कडवटपणे म्हणाली नव्हती, तरी सुवर्णाबाईंना मान वर करवेना.

"विहिरीचं काय झालं?"

"आमच्या सरकारनं त्यांच्या सरकारला लिहिलंय. ते म्हणतात, त्या भागात बंडाच्या वेळचे सुरुंग पेरलेले आहेत, आधी ते काढावे लागतील. ते कधी काढणार, विचारलं तर उत्तर नाही. विहीर त्यांच्या देशात, माणसं आमची. सरहद्दीचा मेलेल्यांनाही त्रास." ती परत येऊन बसली. "केब्बानं सांगितलेल्या खुणा बरोबर आहेत. माझा एक चुलतभाऊ रस्त्यापर्यंत जाऊन आला. भिंत रस्त्यावरून दिसते. पुढे जायची हिंमत झाली नाही."

सुवर्णाबाईंनी चहा केला. दोघी खिडकीशी बसून प्यायल्या. बाहेर चिखल आणि उरलासुरला काळपट बर्फ होता.

"आई अजून आल्फाच्या नावानं मयताची नमाज पढू देत नाही," हवा म्हणाली. "गावाचे इमाम दोनदा घरी येऊन गेले. ती म्हणते, दाखवा आणि मग पढा."

"पण तुम्ही आता तिला..."

"विहिरीचं मी तिला सांगितलेलं नाही," हवा म्हणाली. रिकामा कप तिनं दोन्ही हातांत धरून ठेवला होता. "फक्त काजूच्या झाडांचं सांगितलंय. तो सावलीत आहे, असं मी म्हणाले."